औषधालयाच्या आवारातील मोंडो गवत : लागवड, निगा आणि द्रव्यविवेक

औषधीची शुद्धता खलात किंवा मुसळाखाली सुरू होत नाही. ती औषधालयाच्या उंबरठ्याबाहेर, आवारातील जमिनीपासून सुरू होते. औषधी व सौंदर्यप्रसाधने नियमांमध्ये सन २००० साली समाविष्ट झालेल्या 'शेड्यूल टी'ने आयुर्वेदीय औषधी निर्माणशाळेच्या जागेविषयी जे निकष घालून दिले, त्यांत भोवतालची काजळी, धूळ आणि धूर यांपासून वास्तू मुक्त असावी, अशी अपेक्षा आहे. कोराडी आणि आसपासच्या गावांत व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना व औषधालयचालकांना हा निकष वाचताना थोडे थांबावे लागते. १९७४ पासून येथे औष्णिक विद्युत केंद्र आहे. आज प्रत्येकी ६६० मेगावॅट क्षमतेचे तीन मोठे संच येथे उभे आहेत. भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण सामान्यतः ३० ते ४५ टक्के असते. त्यातच काळ्या मातीची उन्हाळी धूळ आणि वैशाख-ज्येष्ठातील कोरडे उष्ण वारे. आपण केंद्र हलवू शकत नाही, गावही सोडू शकत नाही. परंतु आपल्या अंगणातील उघडी जमीन झाकणे हे तरी आपल्या हाती आहे.

हल्ली नागपुरातील रोपवाटिकांतून 'मोंडो ग्रास' या नावाने मिळणारी वनस्पती या कामासाठी अनेकांनी लावली आहे. तिच्याविषयी दोन प्रकारचे प्रश्न आमच्याकडे येतात. पहिला, ती येथील उन्हाळ्यात जगवावी कशी? दुसरा, "ही चिनी शतावरी आहे म्हणतात, मग औषधात वापरता येईल काय?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर बागकामाचे आहे, दुसऱ्याचे द्रव्यगुणाचे. प्रस्तुत लेखात दोन्हींचा क्रमाने विचार केला आहे. कारण आमच्या मते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट असल्याखेरीज ही वनस्पती वैद्याच्या अंगणात लावूच नये.

उघडी जमीन का झाकावी?

औषधालयात येणारी धूळ दोन वाटांनी येते. एक वाट वरून, म्हणजे हवेतून येणारे सूक्ष्म कण. दुसरी खालून, म्हणजे आधीच जमिनीवर पडलेले कण वाऱ्याने, झाडूने, वाहनांनी आणि रुग्णांच्या पायांनी पुन्हा उडतात. जमिनीलगत दाट पसरणारी वनस्पती पहिल्या वाटेवर फारसे काही करू शकत नाही, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. ती दुसरी वाट मात्र बऱ्याच अंशी बंद करते. पानांवर पडलेला कण पाण्याबरोबर खाली जातो, मुळांच्या जाळ्यात व ओलसर मातीत अडकतो आणि सहजी पुन्हा उडत नाही. पावसाळ्यात चिखल दारात येत नाही, हा आणखी एक लाभ.

फरशी किंवा काँक्रीट टाकूनही माती झाकता येते. परंतु त्यावर पडलेली राख तेथेच राहते, वाऱ्याबरोबर इकडून तिकडे फिरते, आणि मे महिन्यात तापलेली फरशी औषधालयाच्या भिंतीही तापवते. ज्या आवारात कडुनिंब, आंबा किंवा पिंपळ यांची सावली आहे, तेथे हरळीचे लॉन नीट वाढत नाही, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. दूर्वा ही मूळची उन्हाची वनस्पती. सावलीत ती विरळ होते आणि मधून माती उघडी पडते. नेमकी हीच जागा मोंडो गवताची आहे.

वनस्पतीचा परिचय

मोंडो गवत हे नावापुरतेच गवत आहे. दूर्वा, दर्भ, ऊस यांच्या तृणकुलाशी त्याचा संबंध नाही. त्याचे शास्त्रीय नाव ऑफिओपोगॉन जॅपोनिकस. जुन्या उद्भिदग्रंथांत ते पलांडू कुलात, म्हणजे लिलिएसीत गणले जात असे. २००९ च्या एपीजी-३ वर्गीकरणानुसार ते अ‍ॅस्परॅगेसी कुलात येते. आपली शतावरी याच कुलातील आहे. पुढे येणाऱ्या नामसंभ्रमाचे एक मूळ येथे आहे.

मूळस्थान जपान, चीन व कोरिया. ग्रीक भाषेत 'ऑफिस' म्हणजे सर्प आणि 'पोगॉन' म्हणजे दाढी. जपानी लोकनामातही सर्पाच्या वा नागासारख्या काल्पनिक प्राण्याच्या मिशांचीच उपमा आहे. पाने गडद हिरवी, अरुंद, साधारण २ ते ४ मिलिमीटर रुंदीची, खाली झुकलेली आणि ठोंबाच्या गाभ्यातून निघणारी असतात. सामान्य प्रकाराची उंची १५ ते २५ सेंटिमीटर. बुटका प्रकार ५ ते ८ सेंटिमीटरच राहतो. फुले लहान, पांढरी किंवा फिकट जांभळी, पानांच्या आत दडलेली असतात. त्यानंतर वाटाण्याएवढी किंवा त्याहून लहान, निळी, चकचकीत फळे दिसतात. जमिनीखाली आडवे धावणारे खोड असते, त्यापासून नवे फुटवे निघतात. आणि मुळांवर मधून मधून लहान लांबट कंद येतात.

रोपवाटिकेत याच्याबरोबर लिरिओपे नावाची वनस्पतीही मिळते आणि दोन्हींना 'मंकी ग्रास' म्हणण्याची पद्धत आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे. लिरिओपेची पाने रुंद, फुलांचे दांडे पानांच्या वर उभे राहतात आणि फळे काळी होतात. काळ्या-जांभळ्या पानांचे जे 'ब्लॅक मोंडो' मिळते, ती ऑफिओपोगॉन प्लॅनिस्कॅपस ही वेगळी जाती असून तिचा आपल्या प्रस्तुत कामाशी संबंध नाही.

जागेची निवड

या वनस्पतीला नागपूरकडील माध्यान्हीचे ऊन सोसत नाही. जेथे मे महिन्यात तापमान ४५ अंशांपलीकडे जाते, तेथे ती उघड्यावर लावणे म्हणजे पैसे आणि पाणी दोन्ही वाया घालवणे होय. पुढील जागा योग्य समजाव्यात :

१) मोठ्या वृक्षाखालील गाळीव सावली. कडुनिंबाखालील सावली उत्तम. परंतु पानगळीच्या काळात तेथेही ऊन येते, हे लक्षात ठेवावे.

२) वास्तूच्या पूर्व किंवा उत्तर बाजूचा पट्टा, जेथे सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारनंतर सावली असते.

३) पायवाटेच्या दोन्ही कडा. पायवाटेवर मात्र नको. सततची पायदळणी तिला सहन होत नाही.

पश्चिमेकडील उघडी जागा, छपराच्या पन्हाळीखालील सतत पाणी पडणारी जागा आणि रुग्णांची वाहने उभी राहतात ती जागा वर्ज्य समजावी.

माती

आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मोंडो गवताला ओल हवी, परंतु साचलेले पाणी नको. मुळे पाण्यात राहिली की गाभा कुजतो. म्हणून भोवतालच्या जमिनीपेक्षा १० ते १५ सेंटिमीटर उंच वाफा करावा. २० ते २५ सेंटिमीटर खोल खणून ढेकळे फोडावीत, दगड व हरळीच्या मुळ्या वेचून काढाव्यात. हरळीची एक कांडी जरी राहिली तरी ती पुढे मोंडोच्या ठोंबात शिरते आणि मग दोन्ही वेगळे करणे अशक्यप्राय होते. खणलेल्या मातीत साधारण एक तृतीयांश चांगले कुजलेले शेणखत किंवा पानांचे खत आणि निचऱ्यासाठी थोडी जाड वाळू मिसळावी.

काळी माती बहुधा किंचित विम्लधर्मी, म्हणजे अल्कधर्मी असते. ही वनस्पती मात्र उदासीन ते किंचित आम्लधर्मी मातीत सुखावते. मातीत चुनखडी अधिक असल्यास कोवळी पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. यावर पालापाचोळ्याचे कुजलेले खत दर पावसाळ्यात पसरणे हा सौम्य व टिकाऊ उपाय आहे.

येथे एका गोष्टीचा स्पष्ट निषेध करावा लागतो. जड माती भुसभुशीत करण्यासाठी तीत औष्णिक केंद्राची राख मिसळण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. शेतीतील तिच्या उपयोगाची चर्चा वेगळी; परंतु औषधालयाच्या आवारात ती मिसळू नये. राख मुख्यतः सिलिका व अ‍ॅल्युमिना यांची असली तरी तिच्यात आर्सेनिक, शिसे, कॅडमियम, क्रोमियम व पारा यांचे अंश असतात. जी धूळ दाबण्यासाठी आपण हिरवळ लावतो, तीच खाली अंथरणे विसंगत आहे.

लागवड

लागवडीचा योग्य काळ म्हणजे पावसाचा पहिला जोर ओसरल्यापासून शरद ऋतूपर्यंत, अर्थात श्रावण ते आश्विन. फाल्गुनानंतर लावलेली रोपे मूळ धरण्यापूर्वीच उन्हाळ्यात सापडतात.

रोपवाटिकेतून आणलेला कुंडीतील ठोंब जसाच्या तसा लावू नये. तो पाण्यात भिजवून माती सैल करावी आणि हाताने किंवा स्वच्छ चाकूने त्याचे भाग करावेत. प्रत्येक भागास दोन-तीन फुटवे व पुरेशी मुळे असावीत. एका चांगल्या भरलेल्या ठोंबापासून असे चार ते सहा भाग सहज निघतात. लांब मुळ्या एक तृतीयांश छाटाव्यात आणि पाने ८ ते १० सेंटिमीटर ठेवून वरून कापावीत, म्हणजे बाष्पीभवन कमी होते. गाभा मातीच्या पातळीवरच राहिला पाहिजे. खोल गाडल्यास तो कुजतो, वर राहिल्यास वाळतो.

अंतराचा हिशेब खरेदीपूर्वी करावा. सामान्य प्रकार १५ सेंटिमीटरवर लावल्यास एक चौरस मीटर जागेस सुमारे ४४ भाग लागतात. २० सेंटिमीटरवर २५ पुरतात. बुटका प्रकार १० सेंटिमीटरवर लावावा लागतो, म्हणजे चौरस मीटरला १०० भाग. उदाहरणार्थ, १० चौरस मीटरच्या अंगणास १५ सेंटिमीटर अंतराने सुमारे ४४० भाग, अर्थात ठोंबास पाच भाग धरले तर ८८ ठोंब लागतील. हा खर्च एकदम झेपत नसल्यास पहिल्या वर्षी चतुर्थांश जागा लावून पुढे तेथीलच ठोंब विभागून उर्वरित जागा भरावी.

ही वनस्पती मंदगतीने वाढते. जमीन पूर्ण झाकण्यास दोन ते तीन वर्षे लागतात. त्या काळात मधल्या उघड्या मातीवर वाळलेल्या पानांचे किंवा भाताच्या तुसाचे आच्छादन द्यावे. अन्यथा धूळ व तण दोन्ही पूर्ववत राहतील. उतावीळ होऊन रासायनिक खतांचा मारा करण्यात काही अर्थ नाही.

पाणी, खत आणि छाटणी

लागवडीनंतर पहिले तीन आठवडे पाऊस नसेल तर रोज झारीने हलके पाणी द्यावे. मूळ धरल्यावर हिवाळ्यात पाच-सहा दिवसांनी एकदा पुरते. फाल्गुनापासून दिवसाआड आणि नवतपाच्या दिवसांत रोज पहाटे पाणी द्यावे. दुपारच्या उन्हात पाणी शिंपडू नये. सायंकाळी वाफा फार ओला ठेवल्यास गोगलगायी व बुरशी वाढतात; म्हणून पहाटेचीच वेळ श्रेयस्कर.

वाऱ्याबरोबर राख अधिक येते अशा दिवसांत आठवड्यातून एकदा पाने बारीक धारेने धुवावीत. पानांवर थर साचला की प्रकाश अडतो व रोप निस्तेज होते. धुतलेले पाणी वाफ्यातच मुरू द्यावे. ते औषधी वनस्पतींच्या वाफ्याकडे वाहणार नाही असा उतार ठेवावा. हा उतार का महत्त्वाचा, ते पुढे येईल.

खत वर्षातून दोनदा पुरे : मृगाच्या सरींनंतर एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा, मूठभर गांडूळखत व थोडी निंबोळी पेंड मातीवर पसरून. पाने नियमित कापण्याची गरज नाही, हाच या वनस्पतीचा मोठा गुण. वर्षातून एकदा, पावसाच्या प्रारंभी, जुनी करपलेली पाने गाभ्याला धक्का न लावता वरून छाटावीत. उन्हाळ्याच्या तोंडी छाटणी करू नये. जुनी पाने त्या काळात मातीवर सावली धरून असतात. तीन-चार वर्षांनी ठोंब फार दाट झाले की उचलून विभागावेत.

विकार व त्यांचे निदान

वैद्याला लक्षणांवरून निदान करण्याची सवय असतेच. वनस्पतीच्या बाबतीतही तीच पद्धती उपयोगी पडते.

पानांची टोके तपकिरी होणे : कोरडी हवा, अपुरे पाणी किंवा क्षारयुक्त पाणी. विंधन विहिरीचे पाणी क्षारयुक्त असल्यास पावसाळ्यातील साठवलेले पाणी अधूनमधून भरपूर देऊन क्षार खाली जाऊ द्यावेत.

ठोंब मधूनच पिवळा पडून सहज उपटून येणे : गाभा व मूळ कुजणे. निचरा सुधारावा, बाधित ठोंब माती सकट काढून टाकावा.

पाने फिकट, बारीक ठिपक्यांची व निस्तेज : कोरड्या उष्ण हवेत लाल कोळी. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा व गरजेनुसार निंबोळी अर्क.

कडा कुरतडलेल्या : गोगलगायी. रात्री विजेरी घेऊन हाताने वेचणे हा सर्वांत निर्दोष उपाय.

तणनाशके व तीव्र कीटकनाशके औषधालयाच्या आवारात वापरू नयेत. तण खुरप्यानेच काढावे.

औषधालयासाठी काही मर्यादा

दाट हिरवळ भिंतीला टेकू देऊ नये. भिंतीपासून किमान ४५ सेंटिमीटरचा पट्टा फरशी किंवा गिट्टी घालून मोकळा ठेवावा. उंदीर, घुशी व विंचू यांना लपण्यास जागा राहत नाही, पावसाळ्यात सर्प आल्यास दिसतो आणि भिंतीला ओल धरत नाही. औषधी वाळवण्याच्या ओट्याभोवतीही असाच मोकळा पट्टा असावा. हिरवळ आहे म्हणून औषधी उघड्यावर वाळवण्याची मुभा मिळत नाही. वाळवण जाळीच्या खोलीत किंवा झाकलेल्या वाळवणयंत्रातच व्हावे. बालरुग्ण येतात तेथे निळी फळे दिसताच तोडून टाकावीत. ती खाण्याची वस्तू नव्हे.

'चिनी शतावरी' : नामसंभ्रमाचा निरास

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. चिनी वैद्यकात मोंडो गवताच्या मुळांवरील कंद 'माय मेन डाँग' या नावाने प्राचीन काळापासून वापरले जातात. चीनच्या अधिकृत औषधकोशात त्यांचा समावेश आहे आणि झेजियांग व सिचुआन या प्रांतांत त्यांची लागवड होते. शुष्क कास, घशाचा कोरडेपणा, तृष्णा अशा अवस्थांत तेथील वैद्य ते देतात. त्याच परंपरेत 'त्यान मेन डाँग' म्हणून दुसरे द्रव्य आहे; ते शतावरीच्याच प्रजातीतील अ‍ॅस्परॅगस कोचिनचायनेन्सिस. दोन्ही द्रव्यांची नावे मिळतीजुळती, दोन्ही कंद स्निग्ध व मधुर, आणि दोन्ही वनस्पती आज एकाच कुलात. एवढ्यावरून 'मोंडो म्हणजे चिनी शतावरी' हे समीकरण तयार झाले असावे.

हे समीकरण स्वीकारता येत नाही. आपल्या बृहत्त्रयीत व प्रचलित निघंटूंत या वनस्पतीचे वर्णन नाही. तिचे रस, वीर्य, विपाक आपल्या परंपरेने निश्चित केलेले नाहीत. भारतीय आयुर्वेदीय औषधकोशात शतावरी म्हणून ग्राह्य धरलेली वनस्पती अ‍ॅस्परॅगस रेसिमोसस हीच आहे. चिनी वैद्याचा अनुभव त्याच्या शास्त्राच्या चौकटीत, त्याच्या प्रक्रियेने व त्याच्या संयोगांनी आलेला आहे. तो आदरणीय आहे, परंतु तो उचलून शतावरी कल्पात, शतावरी घृतात किंवा नारायण तैलात घालणे ही प्रतिनिधी द्रव्याची निवड नसून भेसळ होय. पाकिटावर शतावरी लिहून आत दुसरे मूळ घालणाऱ्या औषधालयास कायदाही तसेच समजेल.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या प्रथम अध्यायात सांगितले आहे की, वनातील औषधींची नावे व रूपे गुराखी आणि मेंढपाळही जाणतात. योग जाणणारा तोच वैद्य. तेथेच अज्ञात औषधीची तुलना विष, शस्त्र, अग्नी व वज्र यांच्याशी केली आहे. मोंडोच्या बाबतीत आपण नाव रोपवाटिकेकडून आणि गुण परक्या शास्त्राकडून ऐकलेले असतात. आपल्या शास्त्रातील योग मात्र कोणालाच ठाऊक नसतो.

वाळलेल्या मालात फरक ओळखता यावा म्हणून स्थूल लक्षणे देत आहोत. शतावरीची मुळे गुच्छाने येतात, बोटाएवढी किंवा त्याहून लांब, दोन्ही टोकांकडे निमुळती, वाळल्यावर उभ्या सुरकुत्यांची. मोंडोचे कंद साधारण दीड ते तीन सेंटिमीटरच लांब, पेन्सिलीहून बारीक, पिवळसर, अर्धपारदर्शक व चिवट. मध्ये एक बारीक कठीण तंतू असतो. अखंड मालात लांबीवरूनच फरक कळतो. तुकडे किंवा चूर्ण असल्यास डोळ्यांवर विसंबू नये; सूक्ष्मदर्शक परीक्षण करून घ्यावे. चूर्णरूपात शतावरी विकत घेणाऱ्या औषधालयचालकांनी शक्यतो अखंड मूळच घ्यावे, ही सूचना या निमित्ताने पुन्हा करतो.

अंगणातील औषधी : अधिक मोठा प्रश्न

मोंडो शतावरी नाही, एवढ्याने विषय संपत नाही. त्याच अंगणात आपण दूर्वा, मंडूकपर्णी, ब्राह्मी, तुळस, अडुळसा, गुळवेल लावतो आणि स्वरसासाठी ताजी पाने तेथूनच खुडतो. ही आपली सुंदर परंपरा आहे. परंतु कोराडी, खापरखेडा व त्यांच्या राखेच्या तलावांजवळील गावांत या परंपरेला एक अट घालावी लागेल.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील ३६ व्या अध्यायात औषधी कोणत्या भूमीतून घ्यावी याचा विचार केला आहे. खड्डे, खडे, दगड, वारुळे, स्मशान, वधस्थान, देवालय, वाळू यांनी दूषित नसलेली भूमी ते सांगतात. या यादीत देवालय पाहून श्री महालक्ष्मी जगदंबेच्या या गावात कोणास आश्चर्य वाटेल. आम्ही त्याचा अर्थ असा घेतो की, जेथे माणसांची वर्दळ व उच्छिष्टांचा संसर्ग आहे, ती भूमी पवित्र असूनही औषधी संग्रहास योग्य नाही. भूमीची पूज्यता आणि औषधीयोग्यता या दोन गोष्टी आचार्यांनी वेगळ्या ठेवल्या. राखेचा तलाव त्यांच्या काळी नव्हता. असता तर त्या यादीत त्याला स्थान मिळाले असते, याविषयी आम्हांला शंका नाही.

जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी परिसरातील शेतांत व नाल्यांत शिरले. अशा घटनेनंतर वरून हिरवी दिसणारी जमीन आतून कशी आहे, हे डोळ्यांना कळत नाही. ब्राह्मी व मंडूकपर्णी या तर ओलसर जागी जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पती. पाणी व चिखलातील जड धातू त्या शोषून घेतात, असे प्रयोगांत आढळले आहे. ज्या गुणामुळे त्या उत्तम आच्छादन होतात, तोच गुण येथे औषधी म्हणून त्यांचा दोष ठरू शकतो. पाने धुतल्याने वरची राख जाते. मुळांनी आत घेतलेला अंश जात नाही. स्वरस काढताना तर तो थेट पात्रात येतो.

आयुर्वेदीय औषधकोशानुसार वनस्पतिज द्रव्यांत शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३ पीपीएम, पारा १ पीपीएम आणि कॅडमियम ०.३ पीपीएम यांहून अधिक नसावे. निर्यात होणाऱ्या केवळ वनस्पतिज औषधींसाठी ही परीक्षा १ जानेवारी २००६ पासून बंधनकारक झाली. परदेशातील रुग्णासाठी जी काळजी आपण सक्तीने घेतो, ती दारात आलेल्या कोराडीच्या रुग्णासाठी स्वेच्छेने घ्यावयास नको काय?

म्हणून आमची सूचना अशी : आवाराचे दोन भाग करावेत. पहिला आच्छादनाचा. सावलीत मोंडो गवत, उन्हात हरळी, ओलसर कोपऱ्यात जलपिप्पली किंवा मंडूकपर्णी. येथील एकही पान औषधात जाणार नाही. तसा फलक तेथे असावा : "शोभेची वनस्पती. औषधी संग्रहासाठी नाही." हा फलक आपल्यासाठी नसतो. तो नव्याने आलेल्या मदतनिसासाठी, विद्यार्थ्यासाठी व रुग्णासाठी असतो. दुसरा भाग औषधीचा. तो उंच वाफ्यांत किंवा कुंड्यांत, राखेच्या तलावापासून दूरच्या शेतातून आणलेल्या व तपासलेल्या मातीत, वर छपराचा आडोसा देऊन, पहिल्या भागाचे पाणी येणार नाही अशा उतारावर असावा. पाने धुतलेले पाणी वाफ्यातच मुरू द्या, असे पूर्वी सांगितले ते यासाठी. वर्षातून एकदा मातीची व पानांची जड धातूंसाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून परीक्षा करून घ्यावी. जेथे एवढी व्यवस्था शक्य नाही, तेथे ताजी औषधी बाहेरून, ज्ञात भूमीतून आणावी. नागपूर जिल्ह्यात अशी भूमी कमी नाही.

शंका-समाधान

शंका : राखेच्या परिसरात वाढलेले मोंडो गवत छाटल्यावर ते खत म्हणून वापरावे काय?
समाधान : त्याच वाफ्यात वापरावे. औषधी वनस्पतींच्या कुंड्यांत घालू नये.

शंका : पूर्ण उन्हाच्या अंगणात हिरवी जाळी बांधून मोंडो लावता येईल काय?
समाधान : येईल, परंतु जाळी दर दोन-तीन वर्षांनी बदलावी लागेल. त्यापेक्षा तेथे हरळी लावावी आणि कडेला एक कडुनिंब लावून ठेवावा. दहा वर्षांनी त्याच्या सावलीत मोंडो येईल.

शंका : पूजेसाठी त्याच अंगणातील दूर्वा चालतील काय?
समाधान : पूजेस हरकत नाही. रक्तपित्ताच्या रुग्णास स्वरस देताना मात्र वरील अट पाळावी.

उपसंहार

मोंडो गवत ही कष्टाळू नसली तरी चिवट वनस्पती आहे. योग्य सावली, उंच वाफा, पहाटेचे पाणी आणि दोन-तीन वर्षांचा धीर एवढ्या भांडवलावर ती औषधालयाचे अंगण वर्षभर हिरवे ठेवते व धूळ दाबते. तिच्याकडून याहून अधिक अपेक्षा करू नये. जमीन झाकणे हे तिचे कार्य. रोग हरणे हे तिच्याकडे सोपवलेले कार्य नव्हे. अंगणातील कोणती वनस्पती कोणत्या कार्यासाठी आहे, हे ज्या वैद्याला निश्चित सांगता येते, त्याच्या हातच्या औषधीवर रुग्णाने विश्वास ठेवावा हे योग्यच आहे. सर्व वैद्यबंधू-भगिनींनी व औषधालयचालकांनी येत्या पावसाळ्यापूर्वी आपले आवार या दृष्टीने एकवार पाहून घ्यावे, ही विनंती.

अस्तु.